एंडमिल खाली सरकते म्हणून ईआर ४० घ्यावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. इचलकरंजीत यंत्रमागाचे सुटे भाग करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये सेकंडहँड टरेट मिलिंग मशीन आणलं आहे, स्पिंडल (टूल फिरवणारा दांडा) आयएसओ ४० मापाचा. सोबत ईआर ३२ चा चक आणि ३ ते २० मिमीचा अठरा नगांचा कॉलेट सेट घेतला; कॉलेट म्हणजे चकमध्ये बसून टूल आवळणारी, चिरा असलेली नळी, ईआर हा तिचा प्रकार आणि ३२, ४० ही मापं. ईएन ८ पोलादात १२ मिमीच्या चार फ्लूटच्या (चार धारांच्या) कार्बाईड एंडमिलने, म्हणजे टोकाने आणि बाजूने कापणाऱ्या टूलने, ६ मिमी खोल स्लॉट मारताना सुरुवातीला खोली बरोबर येते आणि शेवटी ६.४ भरते. टूल विकणारा म्हणतो, ईआर ४० घ्या. आधीच्या मालकाने एक जुना चक आणि शँकच्या (टूलच्या धरायच्या दांड्याच्या) टोकाला आटे पाडलेल्या एंडमिलचा डबाही दिलाय, तो भंगारवाला मागतोय. काय करावं?

मी कोल्हापुरात उद्यमनगरात ३१ वर्षं जॉबवर्क करतोय. माझं मत आधीच सांगतो: ईआर ४० घेऊ नका, निदान एवढ्या कारणासाठी तरी नको. तुमचा खरा प्रश्न कॉलेट कुठला घ्यावा हा नाहीच. टूल नेमकं कुठे सरकतंय, हा आहे. ते न शोधता मोठा चक घेतलात तर तोही तसाच सरकेल, फक्त जास्त पैशात.

आणि मुळात टूल सरकतंय हे तरी कशावरून? तुमच्या मशीनला क्विल आहे, म्हणजे स्पिंडलला घेऊन वर-खाली सरकणारी नळी. क्विलचा लॉक ढिला असेल तर एंडमिलचा हेलिक्स, म्हणजे धारांचा पीळ, अख्खी क्विलच खाली ओढतो. उजव्या हेलिक्सची एंडमिल स्क्रूसारखी जॉबमध्ये शिरायला बघते. त्या ओढीला जिथे कच्चा दुवा सापडेल तिथून ती खाली येते: कॉलेटमधून, क्विलमधून, नाहीतर वर ड्रॉबार (चकला वर ओढून धरणारा लांब बोल्ट) ढिला असेल तर टेपरमधून, म्हणजे चकचा निमुळता भाग स्पिंडलमध्ये बसतो तिथून. जॉबवर दिसणारी खूण तिन्हींची एकच, स्लॉट शेवटाकडे खोल होत गेलेला.

हे मी स्वतःच्या खर्चाने शिकलोय. नवीन असताना पंपाच्या ४० मिमीच्या शाफ्टवर १२ मिमीचे की-वे (चावीच्या खाचा) मारत होतो, खोली ५ मिमी. पहिले दोन बरोबर आले, तिसरा एका टोकाला ५ आणि दुसऱ्या टोकाला साडेपाच. मी कॉलेट बदलला. पुन्हा तेच. शेजारच्या गाळ्यातून दुसरा कॉलेट मागून आणला. पुन्हा तेच. सहा शाफ्ट खराब झाल्यावर एका जुन्या फिटरने येऊन काही न बोलता क्विलचा लॉक हाताने हलवून दाखवला. लिव्हर घट्ट वाटत होती, पण आतला पॅड झिजून गेलेला. बिचाऱ्या कॉलेटला मी दिवसभर शिव्या घातल्या होत्या.

म्हणून आधी हे करा. एंडमिल बसवल्यावर नटाच्या तोंडापासून टूलच्या टोकापर्यंतचं अंतर व्हर्नियरच्या डेप्थ रॉडने मोजून लिहून ठेवा. शँक आणि कॉलेटच्या तोंडावर मिळून मार्करने एक सलग रेघ मारा. क्विलवरही, ती हेडमध्ये शिरते तिथे, एक रेघ. मग स्लॉट मारा आणि परत मोजा. अंतर वाढलं असेल तर टूल कॉलेटमधून निसटतंय. रेघेचे दोन तुकडे आडवे सरकलेले दिसले तर ते नुसतं सरकत नाही, फिरतंयही. अंतर तेवढंच आहे आणि क्विलवरची रेघ खाली आली आहे, तर कॉलेटचा विषय संपला. लॉक दुरुस्त करा. मिलिंग करताना क्विल पूर्ण वर घेऊन लॉक करावी आणि खोली नीने, म्हणजे टेबल वर करून द्यावी, हे तसंही बरं. नीचा लॉकही विसरू नका.

आता टूल कॉलेटमधूनच सरकतंय असं धरू. तुमच्या वर्णनावरून शक्यता तीच जास्त आहे, कारण तुम्ही लिहिलंय की पावसाळ्यात गंज चढतो म्हणून कॉलेट रोज तेलात बुडवून ठेवता आणि तसेच लावता.

कॉलेट टूलला फक्त घर्षणाने धरतो. त्यात दुसरं काही नाही, ना चावी, ना पिन. शँक आणि कॉलेटच्या मध्ये तेलाचा पातळ थर राहिला की ती पकड अर्धी झालीच म्हणून समजा. ठेवताना तेल जरूर लावा, इचलकरंजी-कोल्हापूरच्या जुलैत लावावंच लागतं. पण वापरताना कॉलेटचं भोक, बाहेरचा टेपर, चकचा आतला टेपर आणि टूलची शँक, चारही जागा थिनरने पुसून कोरड्या करा. केरोसीन नको, त्याचा तेलकट अंश मागे राहतो. कॉटन वेस्टही नको. त्याचा एक धागा टेपरमध्ये अडकला तरी टूल हलतं. जुन्या धुतलेल्या बनियनचा तुकडा सगळ्यात चांगला. कॉलेटच्या चिरांमध्ये कीस अडकतो, तो पत्र्याच्या पातळ पट्टीने काढा. तेल चालतं ते एकाच ठिकाणी, नटाच्या आट्यांना, आणि तिथे ते हवंच. आटे कोरडे असतील तर पान्याचा जोर तिथेच खर्ची पडतो, कॉलेटपर्यंत पोचत नाही.

दुसरी गोष्ट नट. दहातल्या सहा ठिकाणी मी ही चूक पाहिली आहे, शिकलेल्या मुलांकडूनही. कॉलेट चकमध्ये टाकतात आणि वरून नट फिरवतात. तसं करायचं नसतं. ईआरच्या नटाच्या आत एक कडं असतं, ते मुद्दाम एका बाजूला सरकवलेलं असतं. नट डाव्या तळहातावर उताणा ठेवा, कॉलेट तिरका धरून त्याची खोबण त्या कड्याच्या पुढे आलेल्या बाजूत अडकवा आणि सरळ दाबा. ‘टक्’ असा आवाज येतो आणि कॉलेटचं तोंड नटाच्या तोंडाबरोबर येतं. मग टूल घाला आणि नटासकट चकवर चढवा. आवाज आला नाही तर कॉलेट बसलेला नाही. तसाच आवळला तर कडं कॉलेटला एकाच बाजूने ढकलतं, टूल वाकडं फिरतं, पकड अर्धवट राहते आणि कॉलेटची कड कायमची खराब होते. शिवाय नट सोडल्यावर कॉलेट बाहेर येत नाही. मग टूलवर हातोडीचे ठोके सुरू होतात. कार्बाईड आहे ते, त्याला हातोडी सोसत नाही.

तिसरी गोष्ट आवळणं, आणि इथे थोडं सविस्तर सांगतो, कारण इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो. ईआरचा टेपर प्रत्येक बाजूला ८ अंशांचा आहे. हा उतार तसा जास्तच आहे. त्याचा फायदा असा की नट सोडला की कॉलेट आपोआप मोकळा होतो आणि एकेक कॉलेट १ मिमीपर्यंत दबू शकतो. तोटा असा की नटाच्या जोराचं पकडीत रूपांतर करताना तो कंजूष आहे. जुने ओझेड कॉलेट पाहिले असतील, त्यांचा टेपर १:१० चा, म्हणजे बराच लांबट. ते कमी जोरात घट्ट धरतात, पण अर्धा मिमीच दबतात आणि कधीकधी अडकून बसतात. ईआरने सोय दिली आणि बदल्यात पान्यावर जोर मागितला. ही पद्धत स्वित्झर्लंडच्या रेगो-फिक्स कंपनीने १९७० च्या दशकात आणली. आधीच्या ‘ई’ प्रकारच्या कॉलेटमध्ये सुधारणा केली म्हणून ई आणि रेगोचा आर. त्यांच्या तक्त्यात ईआर ३२ चा नट १३६ न्यूटन-मीटरच्या आसपास आवळायला सांगितलाय. हा आकडा ऐकून काही कळत नाही, म्हणून हिशोब करून बघा. २५ सेंमी लांबीच्या पान्याच्या टोकाला साधारण ५५ किलोचा भार. म्हणजे एका हाताने मनगटाचा झटका देऊन ते होत नाही, अंग टाकावं लागतं. लहान शँकला आकडा कमी असतो, तो कॉलेटसोबतच्या तक्त्यात बघायचा. पण १२ मिमीला अंग टाकायचंच.

आता हे स्पिंडलवर लावून करायला गेलात तर स्पिंडल फिरतं, ब्रेक दमतो, पाना निसटून बोटं टेबलावर आपटतात. ४० टेपरचा चक उभा धरणारा टायटनिंग फिक्स्चर बाजारात मिळतो. नसेल तर एका जाड प्लेटमध्ये टेपर बसेल असं भोक आणि चकच्या खाचांमध्ये बसणाऱ्या दोन चाव्या, एवढं करून वर्कबेंचला बोल्ट केलं की काम भागतं. आम्ही तेच केलंय. पान्याला पाइप लावू नका. पाइप लावला की १३६ ऐवजी किती गेलं ते कळत नाही, नटाला तडा जातो नाहीतर कॉलेटचा आकार बिघडतो.

यात अजून एक अट आहे. शँक कॉलेटमध्ये खोलवर गेली पाहिजे. ईआर ३२ चा कॉलेट ४० मिमी लांब असतो, त्यातली दोन तृतीयांश, म्हणजे निदान २७ मिमी तरी शँक आत हवी. टूल लांब मिळावं म्हणून पंधरा-वीस मिमीच धरलंत तर कॉलेटचं पुढचं तोंड दबतं आणि मागचा भाग रिकामाच दबत राहतो. तो मग घंटेच्या आकाराचा होतो आणि पुढे कुठलंच टूल नीट धरत नाही. उलट टोकाला, फ्लूटचा वळसा कॉलेटच्या आत गेला तरी तीच गत. आणि रिकामा कॉलेट नट लावून कधीच आवळू नये. शेल्फवर ठेवताना ‘हरवू नये म्हणून’ आवळून ठेवणारे मी पाहिलेत.

सध्याचा कॉलेट अजून चांगला आहे का, हे शँक सांगते. टूल काढल्यावर शँकवर तांबूस-तपकिरी पूड किंवा डाग दिसले तर टूल आत सूक्ष्म हालचाल करत होतं. ती साधी घाण नव्हे, घासून निघालेलं आणि गंजलेलं पोलाद आहे. फक्त तोंडाजवळ एकच चकचकीत पट्टा दिसला तर कॉलेट मागे धरत नाही. पूर्ण लांबीभर सारखी फिकट झळाळी असेल तर तो कॉलेट ठेवा. कॉलेट ही झिजणारी वस्तू आहे, ड्रिलसारखी. आपल्याकडे तो वारसाहक्काने पुढच्या पिढीकडे जातो, ते चुकीचं आहे.

आता खरेदीकडे. तुमच्या अठरा नगांपैकी मिलिंगला किती लागतात? एंडमिलच्या शँक ठरलेल्या मापाच्या असतात: ६, ८, १०, १२, १६, २०. संपले सहा. बाकीचे बारा ड्रिलसाठी, कारण ड्रिलची शँक ड्रिलएवढीच असते, आणि ड्रिल तर ड्रिल चकमध्येही धरता येतं. म्हणून मी पोरांना सांगतो, स्वस्त सेट ड्रिलला ठेवा आणि हे सहा कॉलेट चांगल्या प्रतीचे सुटे घ्या. त्यातही पैसे कमी असतील तर आधी १०, १२ आणि १६.

कॉलेटवर ‘१२-११’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे तो १२ ते ११ मिमीपर्यंत धरतो. १२ ची एंडमिल याच कॉलेटमध्ये घालायची, ‘१३-१२’ मध्ये नाही. कागदावर दोन्हींत बसते, पण १३ च्या कॉलेटला ती धरायला पूर्ण १ मिमी दबावं लागतं. तेवढा दबला की भोक गोल राहत नाही, शँकला तो काही ठरावीक रेषांवरच टेकतो. कार्बाईडच्या शँक एच६ मापाच्या असतात, १२ ची शँक १२.००० ते ११.९८९ च्या मध्ये. म्हणजे ती १२ च्या वर कधीच जात नाही, १२ च्या कॉलेटमध्ये नेहमी सहज जाते. जात नसेल तर शँकवर बर (उठलेली कड) आहे. ऑइल स्टोन फिरवा, पण कॉलेट बदलून मोठा घेऊ नका.

रनआउटबद्दल, म्हणजे टूल मध्यावर न फिरता डगमगण्याबद्दल, तुम्ही विचारलं नाहीत, पण दोन फ्लूटच्या टूलचा हिशोब सांगतो, मग कळेल की हे कशाला बघायचं. समजा फीड दर दाताला ०.०३ मिमी आहे आणि टूलला लावलेला डायल (हालचाल मोजणारं घड्याळ) ०.०२ फिरतोय. वाईट जागी आलं तर एक दात ०.०५ कापतो आणि दुसरा ०.०१. एक मरतो, दुसरा नुसता घासतो. साधे कॉलेट एवढे फिरले तर नवल नाही. अल्ट्रा प्रिसिजनचे ५ मायक्रॉनच्या आसपास येतात. डायल आधी स्पिंडलच्या आतल्या टेपरवर लावा, मग चकच्या टेपरवर, मग १२ मिमीची ग्राउंड पिन धरून तोंडाजवळ आणि तोंडापासून ४० मिमी खाली. स्पिंडलच फिरत असेल तर सोन्याचा कॉलेट आणून उपयोग नाही. चक बरा आहे आणि पिन फिरते, तर कॉलेट पाव पाव फेरी फिरवून पुन्हा लावून बघा. पुष्कळदा चकची आणि कॉलेटची चूक एकमेकींना खाते. ती जागा सापडली की मार्करने खूण करून ठेवा.

आता ईआर ४०. तो वाईट नाही, तुमच्या कामाला गैरलागू आहे. ईआर ३२ मध्ये २० पर्यंत शँक जाते, ईआर ४० मध्ये २६ पर्यंत. तुमच्या मशीनवर २५ शँकची इन्सर्ट कटर रोज चालणार असेल तर घ्या, नाहीतर नाही. त्याचा नट ६३ मिमी व्यासाचा, ३२ चा ५० मिमीचा. जॉबमध्ये क्लॅम्पच्या शेजारून जाताना हे तेरा मिमी फार आड येतात, मग टूल बाहेर काढून लांब धरावं लागतं. आणि लांबी महाग पडते: टूल ३० ऐवजी ४० मिमी बाहेर काढलं तर ते जवळजवळ २.४ पट वाकतं, कारण वाकणं लांबीच्या घनाने वाढतं. त्यापेक्षा ६ आणि त्याखालच्या टूलसाठी एक छोटा ईआर १६ चा चक घेतलात तर जास्त उपयोग होईल. चक घेताना टेपरचा प्रकार बघून घ्या. तुमच्याकडे ड्रॉबार आहे, म्हणजे मागे एम१६ आटे असलेला हाताच्या मशीनचा आयएसओ ४०. सीएनसीचा बीटी ४० दिसायला तसाच असतो, पण त्याच्या फ्लँजला टूल चेंजरची खोबण असते आणि मागे पुल स्टड बसतो. ड्रॉबारचे आटे इंची आहेत की मिलिमीटरचे, हेही आधी तपासा. सेकंडहँड मशीनवर दोन्ही सापडतात.

रफिंग जास्त असेल तर कॉलेटचा नाद सोडून साइड लॉक होल्डर बघा. शँकवर सपाट भाग असलेली एंडमिल घ्यायची, तिला एचबी शँक म्हणतात; बाजूचा स्क्रू त्या सपाट भागावर बसतो. टूल खाली यायचा प्रश्नच उरत नाही. फक्त स्क्रू एका बाजूने ढकलत असल्यामुळे रनआउट कॉलेटपेक्षा वाईट, म्हणून फिनिशिंगला कॉलेट. गुळगुळीत शँकवर हँडग्राइंडरने स्वतः सपाट भाग पाडू नका, तो तिरका झाला तर स्क्रू टूलला खालीच ढकलतो. आणि एंडमिल ड्रिल चकमध्ये धरायची नाही, ‘हलका कट आहे’ असं म्हणूनसुद्धा नाही. त्याचे तीन जबडे कडक शँकला तीन रेषांवर टेकतात, आणि बाजूचा जोर आला की चकच त्याच्या टेपरवरून सुटतो.

तुमचा कटही थोडा बघा. पूर्ण रुंदीचा स्लॉट, एका पासमध्ये ६ मिमी, ईएन ८, चार फ्लूट. दोन-तीन हॉर्सपॉवरच्या टरेट मशीनवर मी हे दोन पासमध्ये, तीन फ्लूटच्या टूलने मारीन, कारण स्लॉटमध्ये चार फ्लूटना कीस बाहेर टाकायला जागा कमी पडते, आणि अडकलेला कीस टूलला ओढतो. ४५ अंश हेलिक्सचं टूल असेल तर ते ३० वाल्यापेक्षा जास्त खाली खेचतं, हेही डब्यावर बघून घ्या. मशीन किती भक्कम आहे, टेबलाचा खेळ किती आहे, यावर पासची खोली ठरेल, ते मला इथून सांगता येणार नाही.

राहिला तो डबा. शँकच्या मागच्या टोकाला बारीक आटे आणि शेवटी सेंटरचा खड्डा असेल, तर तो बहुतेक क्लार्कसनच्या ऑटोलॉक पद्धतीचा चक आहे. त्यात एंडमिल कॉलेटमध्ये आट्यांनी बसते आणि मागचा खड्डा चकच्या आतल्या सेंटरवर टेकतो. कापताना टूल फिरायला गेलं की आट्यांमुळे ते अजूनच घट्ट होतं, खाली यायला वाटच नसते. तुम्हाला जो त्रास होतोय तो नको म्हणूनच ही रचना केली गेली. आटेवाल्या एंडमिल आता सहज मिळत नाहीत आणि त्या बहुतेक एचएसएसच्या (हायस्पीड स्टीलच्या) असतात, म्हणून सगळं काम त्यावर चालणार नाही. पण एमएसमधले (साध्या पोलादातले) खोल रफ स्लॉट त्याच्यावर मारा. डब्यात किती टूल धार लावण्याजोगी आहेत ते मोजा, कॉलेटचे माप टूलशी जुळतं का बघा, आणि भंगारवाल्याला सध्या नाही म्हणून सांगा.